तू आपला चहा टाक

आकाशात उल्का दिसली की अंतराळ खात्याचा फोन यायचा. धोक्याचे आकडे ऐकून लोक घाबरतात, म्हणून ज्याचा ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास, त्याच्याच आवाजात यंत्र बोलायचं. शेजारच्या निमकरांशी त्यांचे हेडमास्तर बोलायचे. शालनताईंशी त्यांचे दिवंगत यजमान.

त्या सकाळी लख्ख उन्हातही आकाशात पांढरी रेघ उमटली आणि शालनताईंचा फोन वाजला.

"अगं, लहानसा दगड होता, जळून गेला. मागून काही येत नाहीये. तू आपला चहा टाक."

गॅलरीतून निमकर ओरडले, "मास्तर म्हणाले, धोका शून्य! आमचे दादा काय म्हणतात, वहिनी?"

शालनताईंनी गॅलरीचं दार लोटून घेतलं. यजमान जन्मात चहा प्यायले नव्हते. चहाचं नाव त्यांनी फक्त एकदाच काढलं होतं, हॉस्पिटलातून फोन करून, "रिपोर्ट चांगला आलाय. तू आपला चहा टाक." महिन्याभरात ते गेले. यंत्र त्यांच्या जुन्या फोनांवरूनच बोलायला शिकलं होतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांगा. मागून मोठा येतोय ना?"

मग तोच मायेचा आवाज आला, "आलं घालायला विसरू नकोस."