आईनं भरलेले डबे

जुन्या गिऱ्हाईक तोनामीबाईंनी चॉकलेटचा डबा दुकानाच्या काउंटरवर अलगद परत ठेवला. जपानमधल्या कानाझावात डबा आपटण्यापेक्षा हे वाईट; इथं राग असाच दाखवतात.

"कान्शिरो, आई जाऊन दोन महिने नाही झाले, आणि लगेच माल बदललास?"

"काही बदललं नाही, काकू. फक्त डबे आता मी भरतो."

आठवड्यात परत आलेला हा सातवा डबा. असंच चाललं तर नव्या वर्षाआधी दुकानाला कुलूप, असं त्याची फ्रेंच बायको ओदील रोज बजावत होती.

फ्रान्समधल्या ल्योंला चॉकलेट करायला शिकून आल्यावर कान्शिरोनं वडिलांचं मिठाईचं दुकान पार बदललं. त्याला नऊ वर्षं झाली. फ्रेंच चॉकलेट, पोटात जपानी हिरवा चहा नाहीतर काळे तीळ. आईनं एकदाच वास घेतला. "हा चिखल मी जिभेला लावायची नाही," म्हणाली. पण डबे भरायला आणि फीत बांधायला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पहाटे उठून ती जुन्या पद्धतीच्या तांबड्या चवळीच्या वड्या पाडायची, वडिलांच्या फोटोपुढे ठेवायला. गेलेल्या माणसाला रोज पातेलंभर चवळी कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. शेवटी ती साखरेनं गेली. "गोडाला न शिवणारी बाई, हिला साखर कुठून?" म्हणून डॉक्टर अजून डोकं खाजवत होते.

"हे कडू लागतं रे," तोनामीबाई म्हणाल्या. "तुमचं ते खरं फ्रेंच चॉकलेट कसलं असायचं! मऊसूत, मधूनच दाताखाली चवळीचं साल. माझ्या आजेसासूच्या हाताची आठवण यायची."

 कान्शिरो तडक मागच्या खोलीत गेला. ओदील त्याच्यामागे. आईच्या टेबलाचा खण निघेना, इतका गच्च. दोघांनी मिळून ओढला. आत त्याच्या चॉकलेटवरचे रिकामे सोनेरी कागद. एकेक नखानं सपाट केलेला, दोऱ्यानं बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे.

"अरे, पण काढलेली चॉकलेटं टाकून द्यायची ना!" ओदील म्हणाली.

"आई? आणि मुलानं केलेलं टाकेल?"

नऊ वर्षांत कान्शिरोचं चॉकलेट एकाच गिऱ्हाइकानं खाल्लं होतं. आणि ते गिऱ्हाईक साखरेनं गेलं होतं.