पूर्वेकडे बोट

"सहावा कुठाय?" उन्नतीने पुन्हा विचारलं.

पोलीस चौकीतल्या साहेबांनी चहा संपवून कप बाजूला सरकवला. "वकीलबाई, पाच सोडले ना तुमचे? बंगालमधून मालद्याची कागदपत्रं आली, सोडले. सहाव्याकडे होतं काय?"

"आधार नाही म्हणून माणूस बांगलादेशी होतो?"

"नाव सांगेना, गाव सांगेना. तोंड उघडलं तर भाषेवरून पकडला जाईल, म्हणून मुक्याचं सोंग. घर कुठं विचारलं की हात लांब करून पूर्वेला बोट. अजून कबुली काय पाहिजे? आणि बांधकामाच्या साइटवर सगळे एकत्र बसून मासे-भात खात होते."

"मासे-भात मीपण खाते, साहेब. इथल्याच आगऱ्यांची आहे मी."

साहेब हसले. उन्नतीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"परदेशी असला तरी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. कायदा आहे तसा."

"आता कोणाचं ऐकणार? गाडी कधीच गेली सीमेकडे."

ती पाय आपटत बाहेर पडली. ते पाचजण सुटले त्याच संध्याकाळी गाव गाठायला निघाले होते, फोन बंद करून. सहाव्याबद्दल विचारायला मागे कोणी उरलं नव्हतं. कोर्टाचे उंबरठे झिजवावेत, तर तिथे एकच पालुपद: नातेवाईक कोण? निनावी माणसाचा अर्ज घ्यायचा कसा?

कॅम्प चार या वस्तीतलं तिचं ऑफिस म्हणजे जीन्स शिवणाऱ्या कारखान्यावरची एक खोली. खाली मशिनी धडधडत होत्या आणि वर चंद्री केर काढत होती. चंद्री रोज बारवी धरणाकडच्या पाड्यावरून यायची. गेले काही दिवस तिचं एकच चाललं होतं.

"ताई, आमचा मानूस अजून आला नाय. धरणावर मासं धराया गेला, तवापासून पत्ता नाय. पोलिसांना जरा सांगा ना."

"येईल गं. मागेही आठवडाभर गायब होता ना? मासे विकत हिंडत असेल कुठेतरी."

"ह्या बारीला लई दिस झाले."

"मग फोन कर."

"फोन करून काय उपेग? तो कुठं ऐकतो."

"कोणाचा नवरा ऐकतो?" उन्नती म्हणाली आणि लॅपटॉप उघडला. "हे एवढं प्रकरण मिटू दे, मग बघते तुझं."

चंद्री पुन्हा केर काढू लागली. उन्नतीला स्वतःचाच राग आला, पण एका वेळी किती जणांसाठी भांडणार?

तेवढ्यात मोबाइल वाजला. सीमेवर काम करणाऱ्या एका संस्थेने व्हिडिओ पाठवला होता. पलीकडे ढकललेली माणसं नदीकाठच्या चिखलात बसली होती. कोणीतरी बंगालीत एकेकाला घर विचारत होतं. शेवटचा माणूस विचारणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघत राहिला. मग त्याने हात लांब केला. यावेळी बोट मावळत्या सूर्याकडे होतं.

"हाच तो," उन्नती पुटपुटली.

चंद्री केरसुणी टाकून आली, मोबाइलवर वाकली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू फुललं. तिने पडद्यासमोर बोटं जुळवून तोंडाकडे नेली, जेवलास का, अशी खूण केली.

"घावला म्हनायचा," ती म्हणाली. "ताई, हे कुठलं धरण हाय?"