आकड्याकडे पाठ

पडद्यावर ██████ हा आकडा उमटला तेव्हा ती वाकून पाण्याची बाटली उचलत होती, म्हणून बचावली.

टाळ्या झाल्या. तिनं मान वर केली नाही. माइक हातात आला की सोडवायला दोन माणसं लागतात म्हणून संयोजकांना विभागात माइकराव म्हणत. ते रंगात आले होते. "जो आकडा बाईंनी सहा वर्षं स्वतःपासून लपवला, तो आज आपल्या व्याख्यानमालेत, आपल्या साक्षीनं! ही माझ्याकडून त्यांना भेट. वाचूनच दाखवतो. शून्य दशांश..."

तिनं माइकवर पंजा ठेवला आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहिली.

"काढा तो."

"अहो, बघा तरी."

"सर, काढा."

काम एका कणाचं चुंबकत्व मोजण्याचं. आकडा पुस्तकातल्यापेक्षा वेगळा निघाला, तर जगात आजवर कुणी न पाहिलेलं काहीतरी आहे. तोच निघाला, तर सहा वर्षं घालवून पुस्तकातलंच पुन्हा. आणि मोजणाऱ्याला मनातून जे हवं असतं, तिकडे हात आपोआप झुकतो, तराजू धरणाऱ्याची करंगळी झुकते तसा. म्हणून यंत्रातून येणाऱ्या प्रत्येक मापात एक गुपित आकडा मिसळलेला. तो गटाबाहेरच्या एकाच माणसाकडे. सगळ्या चुका शोधून संपल्या की तो वजा करायचा आणि उत्तर बघायचं. एकदाच.

एक चूक शोधायची राहिली होती. यंत्रातला चुंबक तापतो त्यानं किती फरक पडतो, ती. उत्तर बघून मग ती शोधली, तर फरक सोयीचाच काढला असं लोक म्हणणार. लोकांचं सोडा. तिला स्वतःलाच तसं वाटणार.

माइकरावांनी त्या माणसाकडून "बाईंनीच मागवलाय" असं सांगून गुपित आकडा मागून आणला होता. तिच्याच स्लाइडवरच्या मापातून तो वजा केला होता.

पडदा विझला. तिच्या गटातले दोघं बाकाखाली डोकी घालून बसलेले तिला दिसले. आपली माणसं. म्हणजे अजून सगळं गेलेलं नव्हतं. पण पहिल्या रांगेतले लोक आधी पडद्याकडे, मग तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी होतं. तिनं झटकन नजर जमिनीवर आणली.

"दिवेही घालवा."

"अंधारात व्याख्यान?" माइकराव म्हणाले.

"मला कुणाचं तोंड दिसता कामा नये."

कुणीतरी हसलं. ती विनोद करत नव्हती.

ती अंधारात बोलली. चित्रं नाहीत, आलेख नाहीत. राग गिळत, घोटाघोटानं पाणी पीत बोलली. मग प्रश्न.

एक. "मॅडम, हा आकडा जर ████"

"पुढचा."

दोन. "म्हणजे आता सिद्धांताला ██"

"पुढचा."

तीन. एका बाईचा आवाज. "तुम्हाला बघावंसं वाटत नाही?"

तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"वाटतं. रोज वाटतं. पुढचा."

पुढचा आला नाही.

मागच्या दारापाशी माइकराव आडवे आले. "राग मानू नका. लोकांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. पुढच्या वर्षी कोण येईल नाहीतर?"

"माझ्या ताटातलं उचलून वाटलंत, सर."

"एवढ्याशा दुरुस्तीनं काय बदलणार होतं? तसंही तुमचं ███"

तिनं दोन्ही कानांत बोटं घातली आणि लहान मुलीसारखी, मोठ्यानं काहीतरी गुणगुणत जिना उतरली.

खाली वडील उभे होते. व्याख्यानभर पहिल्या रांगेत, दोन प्राध्यापकांच्या मधोमध बसलेले आप्पा. त्यांना भौतिकशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कान तिखट होते. आणि जीभ त्याहून. घरून निघताना म्हणाले होते, "सहा वर्षं मोजतेस आणि किती आलं ते ठाऊक नाही? याला आमच्या वेळी नापास म्हणायचे."

"आप्पा, त्या आकड्याबद्दल अक्षर बोलायचं नाही. शेजारचे काय म्हणाले, तेही नाही."

"नाही बोलणार."

"शपथ?"

"नाही बोलणार म्हटलं ना."

ते खरंच बोलले नाहीत. रस्ताभर ती माइकरावांना शिव्या देत होती आणि ते हं हं करत होते. तिनं चुकीच्या गल्लीत वळण घेतलं, तरी एरवीसारखा टोमणा आला नाही. भर रस्त्यात तिचा आवाज चढला, तरी नाही. चौकात त्यांनी तिच्या खांद्यावरची जड बॅग काढून आपल्या खांद्यावर घेतली.

तिच्या शिव्या हळूहळू कमी झाल्या.

घरी आल्यावर ती सवयीनं स्वयंपाकघराकडे वळली.

"तू बस," आप्पा म्हणाले. "आज मी वाढतो."

त्यांनी आजवर कधी कुणाला वाढलं नव्हतं. झाकणं उघडत, चुकीच्या डब्यात डोकावत, त्यांनी अन्न शोधून काढलं, तापवलं, आणि तिच्याकडे न बघता ताट भरलं.

"आप्पा," ती म्हणाली. "एखादा टोमणा मारा ना."

आप्पांनी ताट तिच्यापुढे सरकवलं.

"गरम आहे तोवर खाऊन घे, बाळा."