कॅरीबॅगबंदी

तालुक्याच्या वाशीहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी गावातल्या राजपालच्या मेलेल्या गाभण गाईचं पोट फाडलं, तेव्हा आतून पाटीभर कॅरीबॅगा निघाल्या. लगेच ग्रामसभा भरली. कुणी म्हणालं, कापडी पिशव्या वाटा. कुणी म्हणालं, पिशवीला जादा पैसे लावा. वाटलेल्या पिशव्या घरीच राहतात आणि जादा पैसे लोक देतातच, हे सरपंच संघप्रियाला ठाऊक होतं. तिनं बंदीचाच ठराव मांडला. बाजारात पालेभाजी विकणाऱ्या तिच्या आईनं, सुमनबाईनं, पहिला हात वर केला आणि ठराव मंजूर झाला. पुढच्या बाजारी पिशवी न आणता मोकळ्या हातानं आलेली गिऱ्हाइकं सुमनबाईसमोरून निघून गेली आणि चोरून कॅरीबॅग देणाऱ्या दुकानात शिरली. संध्याकाळी आई सुकलेली मेथी शेळीपुढं टाकत होती. संघप्रियानं विचारलं, “ठराव मागं घेऊ का?” “न्हाय. केलंस ते बरोबरच हाय, पोरी,” सुमनबाई म्हणाली. “मीच बाजारात बसायचं सोडते.”