चुकलेला नेम

नवऱ्याने वसंतात एक तरी मोहोळघार बंदुकीने पाडली नाही, तर बायको दुसऱ्याच्या नादी लागते, अशी कालाब्रियाच्या किनाऱ्यावरची जुनी समजूत. म्हणून सावेरियो चाळीस वर्षं दर एप्रिलमध्ये बंदूक घेऊन टेकडीवर जायचा. यंदा आफ्रिकेहून समुद्र ओलांडून दमलेली घार अगदी डोक्यावरून गेली, पण म्हाताऱ्याचा नेम चुकला. “आता बायकोवर लक्ष ठेव हो!” शेजारी कोझिमो खिदळला. सावेरियो मान खाली घालून घरी आला, तर बायको फिलोमेना गच्चीतच उभी. “चुकला ना नेम?” “तुझ्या अब्रूसाठी जातो गं,” तो पुटपुटला. “अरे वेड्या, चाळीस वर्षं मी मरियामातेला विनवतेय, याचा नेम चुकू दे, ते दमलेलं पाखरू वाचू दे म्हणून!” तिने हसून त्याला जवळ बसवलं. समुद्रावरून आणखी एक घार आली आणि ती डोंगराआड होईपर्यंत सावेरियो पहिल्यांदाच नुसता बघत बसला.