हरकत

हवेलीतलं कुणीतरी माळ्याच्या प्रेमात पडलंय, अशी कुजबुज गावभर झाली आणि ती सर राल्फच्या कानावर गेली. वडिलांच्या पश्चात घराण्याची अब्रू त्यालाच सांभाळायची होती. शिवाय एकोणीस वर्षांच्या क्लेमन्सीखेरीज प्रेमात पडण्याजोगं घरात होतं तरी कोण?

नाश्त्याच्या टेबलावरच त्यानं बहिणीला धारेवर धरलं. "अगं, त्या पेनफोल्डची नखं तरी बघ! कायम मातीनं भरलेली. तो आपली पायरी विसरला, पण तूही विसरलीस?"

"दादा, शपथेवर सांगते, मी त्याच्याशी चार शब्दसुद्धा बोललेली नाही!" क्लेमन्सी रडकुंडीला आली.

"तिला बोलू नकोस, राल्फ," चहा ढवळत आई म्हणाली. "आणि माणूस भला आहे तो."

"तू मध्ये पडू नकोस, आई! तुला जगातलं काय कळतं?"

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी, कुणाची हरकत असल्यास कळावी म्हणून, रिवाजाप्रमाणे ठरलेल्या लग्नांतल्या वधूवरांची नावं वाचायला घेतली. "जोसाया पेनफोल्ड, हवेलीचा माळी, विधुर, आणि..."

राल्फ ताडकन उठला. "माझी हरकत आहे! तिला एकवीस पूर्ण नाहीत, ती अजून सज्ञान नाही, आणि तिचा पालक मी आहे!"

साऱ्या माना वळल्या. राल्फच्या शेजारी रेशमी झग्याची सळसळ झाली. आई उभी राहिली होती.



"खाली बस, राल्फ. नवरी मी आहे, आणि मला सज्ञान होऊन तेहेतीस वर्षं झाली."