मनगट

मिशिगन सरोवरातले स्टीलहेड मासे अंडी घालायला ओढ्यांत चढू लागले, की साठीचा हार्लन छातीपर्यंतची रबरी विजार चढवून पाण्यात उभा राहायचा. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी काठावर बर्फ साचलं होतं. बऱ्याच वेळाने त्याच्या गळावरच्या पिसांच्या नकली माशीला हातभर लांबीचा मासा लागला आणि काठीवरचं दोरीचं रीळ करकरत सुटलं.

तेवढ्यात वरच्या अंगाला उभ्या असलेल्या एका अनोळखी तरुणाचा पाय शेवाळलेल्या दगडावरून घसरला. "अहो काका, धरा! धरा मला!" ओरडत तो प्रवाहाबरोबर खाली येऊ लागला. त्याच्या विजारीत पाणी भरत होतं. हार्लनने काठी, रीळ, मासा सगळं सोडून दिलं, पुढे झेप घेतली आणि मनगट पकडून त्याला काठावर ओढलं.

दोघं बर्फात धापा टाकत बसले.

"काका, सोडा आता हात. आलो मी बाहेर," तरुण कुडकुडत म्हणाला.

हार्लनची मूठ काही सुटेना.

"एवढा मोठा मासा घालवलात माझ्यापायी!" तरुणाने हसायचा प्रयत्न केला. "दुसरा कोणी असता ना, तर 'थांब जरा' म्हणाला असता आणि आधी मासा काढला असता."

हार्लनने मनगट आणखी घट्ट धरलं.



तीन वर्षांपूर्वी ओढ्याच्या याच वळणावर त्याच्या धाकट्या भावाने, वेंडेलने, अशीच हाक मारली होती. तेव्हा हार्लनने आधी मासा काढला होता.